एकट्याचे बिऱ्हाड



'वार्धक्यात एकट्याने राहणे' हा विषय चालकांनी आम्हांस दिला, तेव्हा या विषयावर आजवर ऐकलेली दोन प्रकारची व्याख्याने आम्हांस आठवली. पहिल्या प्रकारात वक्ता एकत्र कुटुंबाच्या नावाने गळा काढतो, परदेशी गेलेल्या मुलांना चार शब्द सुनावतो, आणि सभागृहातील पदर व रुमाल ओले करून खाली बसतो. दुसऱ्या प्रकारात तो देहाचे नश्वरत्व सांगून नामस्मरणाची शिफारस करतो. दोन्ही व्याख्याने ऐकून श्रोता घरी जातो, न्हाणीघराची कडी आतून नीट लावतो, आणि ओल्या फरशीवर पाऊल टाकतो. आम्हांस आज त्या कडीविषयी आणि त्या फरशीविषयी बोलावयाचे आहे. विषय काहीसा खालच्या पातळीवर आला असे कोणास वाटले तर आमचा नाइलाज आहे. माणसे पडतात तीही खालीच पडतात.

आमचा प्रश्न एकच आहे. सभागृहात जे कोणी एकटे राहत असतील त्यांनी तो मनातल्या मनात सोडवून पाहावा. आज रात्री अकरा वाजता आपण घरात पडलात आणि उठता येईना, तर ही गोष्ट कोणाला कळेल? आणि किती वाजता कळेल? पुष्कळांचे उत्तर 'सकाळी दूधवाल्याला' असे येईल. पण दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जातो. मग 'कामवाल्या बाईंना' म्हणावे, तर त्या बेल वाजवतात, दार उघडत नाही, तेव्हा आजी कोठेतरी गेल्या असतील असे समजून पुढच्या घरी जातात. त्यांना आणखी चार घरची भांडी घासावयाची असतात. मग 'मुलाचा फोन येतो, त्याला कळेल'. तो रविवारी येतो. आणि माणसाने रविवारीच पडावे असा काही नियम नाही.

आमच्या परिचयाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. सकाळी सहाला स्नानाला म्हणून गेल्या आणि पाय घसरून पडल्या. न्हाणीघराची कडी आतून, पुढच्या दाराला बोल्ट आतून, फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला. कामवाल्या बाई बेल वाजवून गेल्या. दोनदा फोन वाजला तो त्यांनी पडल्या पडल्या ऐकला. संध्याकाळी खालच्या बिऱ्हाडातील गृहस्थ चढून आले. तेही चौकशीसाठी आले नव्हते. दिवसभर नळाचे पाणी वाहत असल्याचा आवाज त्यांना येत होता, आणि सोसायटीचे पाणी वाया घालविल्याबद्दल चार शब्द सुनवावयाचे त्यांनी ठरविले होते. दोन दारे फोडावी लागली. चौदा तास झाले होते. खुब्याचे हाड मोडले होते, ते शस्त्रक्रियेने सांधले, आणि आज बाई काठी घेऊन हिंडतात. त्यांचे प्राण एका तक्रारखोर शेजाऱ्याने वाचविले, ही गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगतात. पण नळ बंद असता तर काय झाले असते, याचा विचार आपण केला पाहिजे.

अशी माणसे किती आहेत? २०११ च्या खानेसुमारीत देशात साठी उलटलेली माणसे दहा कोटींहून अधिक भरली. आपल्या महाराष्ट्रात तर दर दहा माणसांत जवळजवळ एक. २०१७-१८ साली केंद्र सरकारच्या वतीने वृद्धांची मोठी देशव्यापी पाहणी झाली. साठीपुढील माणसांपैकी शेकडा सुमारे सहा एकटी राहतात असे तीत आढळले. शेकडा सहा हे प्रमाण लहान वाटेल. पण दहा कोटींचे शेकडा सहा म्हणजे साठ लाख होतात. आणि या साठ लाखांत पुरुषांपेक्षा बायका पुष्कळ अधिक आहेत. कारण उघड आहे: आपल्याकडे नवरा वयाने मोठा पाहण्याची रीत, आणि बायकांचे आयुष्यमान जास्त. तेव्हा 'एकटा म्हातारा' असे आपण म्हणतो त्या ठिकाणी बहुधा एक एकटी आजी असते, आणि तिने चाळीस वर्षे दुसऱ्यांचे करण्यात घालविलेली असल्यामुळे स्वतःसाठी काही मागणे तिच्या जिभेवर येत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढचे सारे मागण्याविषयीच आहे.

एकटे राहणे हे दुर्दैवच, असे मात्र आम्ही मानीत नाही. मुलाने 'आमच्याकडे या' म्हणून हात जोडले असताही 'माझे घर मला पुरे' म्हणणारी पुष्कळ माणसे आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांचे चुकते असे आम्हांस वाटत नाही. आपल्या वेळेला चहा, आपल्या आवडीचे आकाशवाणीचे स्टेशन, आपली ओळखीची भाजीवाली, ही सुखे लहान नव्हेत. सत्तराव्या वर्षी बंगळूरला किंवा न्यू जर्सीला जाऊन मुलाच्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखे बसण्यापेक्षा आपल्या खुर्चीत एकटे बसलेले बरे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्या बाजूला आहोत. आमचे म्हणणे एवढेच की हे स्वातंत्र्य टिकवावयाचे असेल तर त्याची थोडी बांधबंदिस्ती केली पाहिजे. एकदा खुबा मोडला की निर्णय आपल्या हातून मुलांच्या हाती जातो.

पूर्वी ही बांधबंदिस्ती घराच्या रचनेतच असे. पुण्याच्या पेठांतले जुने वाडे आठवा. चौकात एक हौद, दोन नळ, पलीकडे सामायिक संडास. वरच्या माडीवरची विधवा आत्या सकाळी सातपर्यंत कळशी घेऊन खाली आली नाही, तर चौकातल्या तीन बायकांच्या ते लक्षात येई. तिच्यावर कोणाचे विशेष प्रेम असे म्हणून नव्हे. नळाचा नंबर तिचा असे म्हणून. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले, उरलेले पुढे इमारती बांधण्यासाठी पडले, आणि आपण ब्लॉकमध्ये राहावयास गेलो. वाड्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्याच आत्याकडे कोण आले, किती वेळ बसले, तिने काय नेसले होते, यावरही चौकाची नजर असे, आणि त्या नजरेने पुष्कळांचे जिणे नकोसे केले आहे. दार लावून घेता येणे हे ब्लॉकने आपल्याला दिलेले मोठे सुख आहे. पण जुन्या नजरेबरोबर जुनी दखलही गेली, आणि ती दुसऱ्या मार्गाने परत आणण्याचा विचार आपण केला नाही.

या दखलेची किंमत किती असते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि हे उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे ते येथे सांगणे योग्य होईल. १९९५ च्या जुलैत शिकागो शहरात उष्णतेची लाट आली. पारा ४१ अंशांपर्यंत चढला. विदर्भातल्या श्रोत्यांना यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या शहराला ती सवय नव्हती. त्या लाटेत नेहमीच्या मृत्यूंपेक्षा सुमारे ७४० माणसे अधिक मेली. त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता; कितीतरी जण बंद खोल्यांत एकटेच सापडले. डॉक्टरांनी नंतर तपास केला तेव्हा दिसले की एकट्याने राहणारे आणि रोज घराबाहेर न पडणारे यांना धोका अधिक होता. ज्यांचे कोठल्या मंडळात जाणे-येणे होते, मित्र होते, ते अधिक वाचले. पुढे एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हींत गरिबी, दोन्हींत एकटी राहणारी म्हातारी माणसे. तरी लोकसंख्येच्या मानाने एका वस्तीत मृत्यू दुसरीच्या दसपट. फरक रस्त्याचा होता. एकीतले कारखाने बंद पडलेले, दुकाने उठलेली, पडक्या जागा, आणि बाहेर पडण्याची भीती. म्हणून म्हातारी माणसे दार-खिडक्या लावून आत बसली. दुसरीत रस्ता गजबजलेला, दुकाने उघडी, फूटपाथवर विकणारे. म्हणून माणसे सावलीला, थंड दुकानात जाऊन बसली, आणि जी आली नाहीत त्यांची कोणीतरी चौकशी केली.

तेव्हा एकट्याने राहणाऱ्याची सुरक्षितता त्याच्या घराच्या भिंतींत नसून, तो दिसला नाही तर कोणाला चुकल्यासारखे होते यावर आहे. याची सोय आपोआप होत नाही. ती करावी लागते. कशी करावी हे आता पाहू. पण आधी पडू नये कसे, ते थोडे सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे जगात दरवर्षी पावणेसात लाखांहून अधिक माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक आहे. साठी-पासष्टीपुढची माणसे यांत सर्वांत अधिक. आणि बहुतेक माणसे डोंगरकड्यावरून पडत नाहीत. रात्री लघवीला उठताना, न्हाणीघरात, किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी स्टुलावर चढून पडतात. यांतल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि कोणताही महाग नाही. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा असावा. झोपेतून एकदम उठून चालू लागू नये. काठावर बसून पाय हलवावेत, मग उभे राहावे, मग चालावे. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवीच्या त्रासाच्या काही गोळ्या आणि विशेषतः झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताना चक्कर येण्याचा संभव असतो. तशी येत असेल तर 'वयाप्रमाणे होणारच' म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना सांगावे. न्हाणीघरात भिंतीला आधाराची दांडी बसवून घ्यावी, तीही भिंतीत पक्की रोवलेली. टॉवेल टांगण्याच्या दांडीला धरून उठणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. ती दांडी टॉवेलाचे वजन पेलण्यापुरतीच केलेली असते. माळ्यावरचे जे रोज लागत नाही ते काढून टाकावे. दिवाळीचा तो मोठा पितळी डबा आता कोणासाठी ठेवला आहे, हेही एकदा स्वतःला विचारावे. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नये. ती जुनी समजूत आहे.

आणि पायांत बळ हवे. तोल आणि पायांचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी होते, असे अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून दिसले आहे. हा व्यायाम आखाड्यातला नव्हे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. स्वयंपाकघराच्या ओट्याला एका हाताने धरून एका पायावर उभे राहावे, मग दुसऱ्या. जमिनीवर पाटावर बसणे आणि उठणे हा आपल्या आज्यांचा न कळत होणारा व्यायाम होता. टेबल, सोफा आणि कमोड यांनी तो बंद केला. गुडघ्यांच्या दृष्टीने ते बरेच झाले; पण जमिनीवरून उठण्याची कला मात्र आपण विसरलो, आणि पडलेल्या माणसाला नेमकी तीच लागते.

म्हणून ती शिकून ठेवावी, आणि घरी कोणी असेल तेव्हा एकदा करून पाहावी. पडल्यावर घाई करू नये. हातपाय हलतात का, कोठे फार दुखते का, ते पाहावे. हाड मोडल्याची शंका असेल तर उठण्याचा हट्ट धरू नये. तसे नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर भार देऊन गुडघ्यांवर यावे, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जावे, दोन्ही हात बैठकीवर ठेवावेत, बरा असलेला पाय पुढे टेकवून शरीर वर उचलावे आणि वळून बसावे. उठता येत नसेल तर जी चादर, सतरंजी हाती येईल ती अंगावर ओढावी, कूस बदलत राहावे, वाटी-तांब्या जे मिळेल ते फरशीवर वाजवावे. कारण घात नुसत्या पडण्याने होत नाही, पडून राहण्याने होतो. तासन् तास एकाच जागी दबलेले स्नायू विरघळू लागतात, त्यांतली द्रव्ये मूत्रपिंडांना बाधतात, पाणी मिळत नाही, फरशीने अंग गारठते, त्वचेला जखमा होतात. १९८१ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे की पडून तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे सहा महिन्यांच्या आत दगावले, मोठी इजा झालेली नसतानाही. ती माणसे आधीच अशक्त असणार हे उघड आहे, तेव्हा या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; पण पहिला तास महत्त्वाचा आहे एवढे त्यातून घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, हल्ली गळ्यात घालावयाची बटणे मिळतात, दाबले की मदत येते. मिळतात, आणि घ्यावीत. पण केंब्रिजमध्ये नव्वदी उलटलेल्या माणसांची वर्षभर पाहणी झाली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली आहे. पडलेल्यांपैकी शंभरांत ऐंशींना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही, आणि तीस जण तासाहून अधिक वेळ जमिनीवर होते. पुष्कळांच्या घरी अशी बटणे होती. फार वेळ पडून राहिलेल्या बहुतेकांनी ती दाबलीच नाहीत. कोणाच्या अंगावर ते नव्हते; कोणाला वाटले, एवढ्यासाठी कशाला कोणाला त्रास द्या. हे वाक्य आपल्याकडचेच वाटते की नाही? म्हणून यंत्रापेक्षा सवय मोठी. मोबाइल अंगावर असावा. पुरुषांना खिसा असतो. बायकांनी गाऊनला खिसा शिवून घ्यावा, साडी नेसणाऱ्यांनी कमरेला लहान बटवा बांधावा. आणि ११२ व १०८ हे दोन आकडे पाठ असावेत. १४५६७ ही वृद्धांसाठीची हेल्पलाइन दिवसा चालते. ती सल्ल्यासाठी, चौकशीसाठी, गाऱ्हाण्यासाठी आहे, पडल्यावर लावण्यासाठी नव्हे.

आता ती कडी. एकट्याने राहणारा माणूस न्हाणीघराला आतून कडी लावतो ती कोणापासून? घरात दुसरे कोणी नाही. जन्मभराची सवय, दुसरे काही नाही. ती सोडावी. फार अवघड वाटत असेल तर आत नुसता पडदा लावावा. पुढच्या दाराचे तसे नाही. तेथे चोराची भीती खरी आहे. पण रात्री वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, मधली साखळी असे तिहेरी बंद करून झोपणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की जो बोल्ट चोराला आत येऊ देत नाही तोच डॉक्टरलाही येऊ देत नाही. बाहेरून किल्लीने उघडता येईल असे चांगले लॅच असावे, बाहेर जाळीचे सेफ्टी दार असावे, त्यालाही किल्लीचेच कुलूप असावे, आणि या किल्ल्यांचा एक जोड शेजारी असावा.

'शेजाऱ्यांना किल्ली द्यावयाची?' असा चेहरा काही श्रोत्यांनी केलेला आम्हांस येथून दिसतो. शंका रास्त आहे. किल्ली बंद पाकिटात घालून पाकिटाच्या जोडावर आपली सही करावी; पाकीट फोडले तर ते दिसेल. दुसरा जोड अर्ध्या तासात पोचेल अशा नातलगाकडे किंवा मित्राकडे असावा. शेजारी दिवसभर नोकरीवर असतील तर तळमजल्यावर जे घर उघडे असते तेथे, नाहीतर वर्षानुवर्षे ओळखीच्या वाण्याकडे. दागिने घरात ठेवून किल्ली कोणाला द्यावी या विवंचनेत राहण्यापेक्षा दागिने बँकेत ठेवावेत आणि किल्ली मोकळ्या मनाने द्यावी.

किल्ली झाली, पण ती केव्हा वापरावयाची हे शेजाऱ्याला कळणार कसे? जपानात हा प्रश्न आपल्याआधी उभा राहिला. तेथे २०२४ साली घरात एकट्याने मृत्यू आलेल्यांची पोलिसांनी मोजदाद केली ती सुमारे ७६ हजार भरली, आणि त्यांतले शंभरी पंचाहत्तराहून अधिक पासष्टीपुढचे होते. म्हणून तेथील काही वस्त्यांत म्हातारी माणसे सकाळी दाराबाहेर पिवळे निशाण लावतात आणि संध्याकाळी काढून घेतात. निशाण दिसले नाही, किंवा रात्री तसेच राहिले, की शेजारी दार ठोठावतो. २००१ साली झोजिरुशी या कंपनीने चहाचे पाणी तापविण्याची अशी किटली काढली की आजीने पाणी घेतले की दूरच्या मुलाला ते कळावे. चहाची वेळ टळली म्हणजे काहीतरी बिनसले, हे त्या कारागिरांनी ओळखले. आपल्याकडे तर ते केव्हाही पटेल.

आपल्याला निशाण नको. दुधाची पिशवी आहे. शेजाऱ्याशी एवढाच करार करावा की आठ वाजेपर्यंत पिशवी दाराला तशीच दिसली तर बेल वाजवावी, आणि दार उघडले नाही तर पाकीट फोडावे. कामवाल्या बाईंनाही तेच सांगावे: मी गावाला जाणार असेन तर आधी सांगेन, सांगितले नसेल आणि दार उघडले नाही, तर निघून जाऊ नका, शेजारी सांगा. यात त्यांचे कष्ट वाढतात हे ध्यानात ठेवून दिवाळीला ते लक्षात असू द्यावे. आणि एक गोष्ट, जिला तरुण मंडळी हसतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज सकाळी गुलाबाचे फूल आणि 'सुप्रभात' यांचा जो पाऊस पडतो, त्यात काव्य नाही हे आम्ही मान्य करतो. पण तो हजेरीपट आहे. अमक्या काकांचे फूल नऊ वाजले तरी आले नाही, हे ज्याच्या लक्षात येते त्याने फोन करावा, फोन उचलला नाही तर जवळच्या सभासदाला पाठवावे. फुले पाठविणाऱ्यांनी दोघादोघांच्या जोड्या ठरवून घेतल्या की पैशाचा खर्च न करता ही सोय होते.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगतो. 'एकटीसाठी काय करायचे?' हे वाक्य पोषणाचा शत्रू आहे. चहा-खारी आणि रात्रीचा दूधभात यांवर महिने काढणाऱ्या बायका आहेत. त्यांचे स्नायू झिजतात आणि मग पाय लटपटतात. एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, दही, चालत असेल त्यांनी अंडे, एवढे रोज पोटात गेलेच पाहिजे. आठवड्यातून दोनदा शेजारच्या एकट्या बाईबरोबर जेवण्याचा परिपाठ ठेवला तर स्वयंपाकाला हुरूप येतो. उतारवयात तहान लागण्याची जाणीव मंद होते. तेव्हा उन्हाळ्यात तहानेची वाट न पाहता सकाळी दोन तांबे भरून ठेवावेत आणि ते संध्याकाळपर्यंत संपले का ते पाहावे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

दारातून येणाऱ्या चोराविषयी बोललो. फोनमधून येणारा चोर अलीकडे अधिक भारी झाला आहे. तो पोलिसाचा पोशाख घालून पडद्यावर दिसतो, तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे म्हणतो, 'डिजिटल अटक' झाली आहे म्हणतो, आणि मग त्याचे खरे वाक्य येते: ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही, खोलीतून हलायचे नाही, फोन बंद करायचा नाही. त्याची सारी विद्या माणसाला एकटे पाडण्यात आहे. आपल्या कायद्यात फोनवरून अटक असा प्रकारच नाही. कोणालाही सांगू नका असे जो सांगतो त्याचा फोन ठेवून लगेच शेजाऱ्याला सांगावे. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला कळवावे. हेच बक्षीसपत्राविषयी. प्रेमाने मागितले तरी राहते घर हयातीत कोणाच्या नावावर करू नये; इच्छापत्र करावे. २००७ च्या कायद्यात असे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची तरतूद आहे हे खरे, पण ऐंशीव्या वर्षी प्रांताच्या कचेरीत तारखांना जाण्याची वेळ कशाला आणावी?

मनात एक भीती असते, ती कोणी बोलून दाखवीत नाही: आपण एकटेच मरू, आणि कळणार नाही. याविषयी स्पष्ट बोलावे. रात्री झोपेत, आपल्या अंथरुणावर मरण आले तर ते पुष्कळांनी मागून घ्यावे असे मरण आहे. उशाशी कोणी नव्हते एवढ्याने ते वाईट ठरत नाही. वाईट आहे ते तीन दिवस न कळणे, आणि त्याहून वाईट, वाचता आले असते अशा माणसाने तीन दिवस हाका मारणे. पहिल्याला उपाय नाही आणि उपायाची गरजही नाही. दुसऱ्याचा उपाय पिशवी, किल्ली आणि नऊचा फोन एवढाच आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवावा: आपले नाव, चालू औषधे, कोणत्या औषधाची बाधा होते, डॉक्टर कोण, आणि प्रथम कोणाला कळवावयाचे.

एक चिठ्ठी आली आहे. मुलगा परदेशातून घरात कॅमेरे बसवावयाचे म्हणतो. बसवू द्यावेत काय, असे एका भगिनींनी विचारले आहे. पुढच्या दाराशी एक आणि दिवाणखान्यात एक, आपल्या संमतीने, बसविण्यास हरकत दिसत नाही. निजावयाच्या खोलीत नको. ज्या दिवशी बंद करावासा वाटेल त्या दिवशी बंद करण्याचा हक्क आपला राहावा. पण आई पडलेली मुलाला कॅलिफोर्नियात दिसली तरी तेथून त्याला दार उघडता येणार नाही. तेव्हा कॅमेऱ्याची ऑर्डर देण्यापूर्वी त्याने शेजाऱ्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये घालावा, पुढच्या खेपेस आला की त्यांच्याकडे जाऊन चहा प्यावा, आणि पाकीट स्वतःच्या हाताने त्यांच्याकडे द्यावे. मग कॅमेरा खुशाल बसवावा.